मोबाईल बापाच्या खिशात, वर्ग मुलाचा बुडाला

मानवत : कापसाच्या हंगामात आडतीवर किंवा जिनिंगवर गेलेला बाप रात्री परततो, घरातला एकच मोबाईल त्याच्या खिशात. मार्च 2020 पासून शाळा बंद पडल्या, तेव्हा अशा घरांतील मुलांचा ऑनलाईन वर्ग बुडाला.

हाच पेच सोलापूरच्या नीलमनगरातील कापड कामगारांच्या मुलांपुढे होता. 2020 साली तेथील आशा मराठी विद्यालयाने घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले. मुले येता-जाता शिकू लागली. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तर पुस्तकांवर क्यूआर कोड आणून धडा सवडीने पाहण्याची सोय आधीच केली होती.

व्यापारी बांधवांनो, दुकान वाढवल्यावर तासभर फोन मुलाच्या हाती द्या, पाहिलेला धडा त्याच्या तोंडून ऐका. रोजमेळ आपण रोज तपासतो. ही तूटही वेळीच पाहायला हवी.