दम आणि दाब (७) : कंपनीतली मेहनत व्यायामात धरायची का?

भिंतीला टेकून बसायच्या व्यायामाचं कबूल केलं होतं, पण येलवाडीच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि भिंत पुढच्या आठवड्यावर गेली. हे गृहस्थ चाकणला लाईनवर आहेत. लिहितात, 'आठ तास उभा असतो, जॉब उचलून मशीनवर चढवतो, शर्ट पिळून निघतो. तरी बीपी वरचं दीडशेच्या खाली येत नाही, आणि डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. मग मी दिवसभर करतो ते काय?'

देहूपासून खालुंब्र्यापर्यंत घरोघरी हीच तक्रार आहे. शेतात राबलेल्या पिढीला तर व्यायाम हे पोट सुटलेल्यांचं खूळच वाटतं. पण हे कोडं संशोधकांनाही पडलंय. कोपनहेगनच्या आंद्रेआस होल्टरमान आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १,०४,०४६ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फावल्या वेळात अंग हलवणाऱ्यांना हृदयविकार कमी, आणि कामावर अंगमेहनत जास्त असणाऱ्यांना उलट जास्त! गरिबी आणि विडीकाडीचा हिशेब वजा करूनही फरक उरला. सगळं खापर मेहनतीवर फोडायला मी तयार नाही, पण आकडा झटकून टाकण्यासारखाही नाही.

भरभर चालताना दाब चढतोच. थांबल्यावर रक्तवाहिन्या काही वेळ सैल राहतात आणि दाब आधीपेक्षाही खाली येतो, काही तास तसाच राहतो. औषध आहे ते या उतारात. लाईनवर उतार मिळतच नाही. एक जॉब ठेवला की दुसरा समोर हजर, वेग पट्ट्याचा, विश्रांती जेवणाच्या सुट्टीपुरती. त्यात वजन उचलताना श्वास कोंडायची सवय. १९८५ मध्ये कॅनडात मॅकडूगल यांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून दाब मोजला होता. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी ३२०/२५० भरला. तो क्षणाचा असतो आणि तरुण तालीमबाज तो सोसतो, पण पन्नाशीच्या माणसानं शिफ्टभर श्वास कोंडून उचलाउचल करू नये. नाईट असेल तर आणखी एक घाटा. रात्रीच्या झोपेत दाब एरवी दहा ते वीस टक्के उतरतो, ती संधीही जाते.

याउलट वारकरी पाहा. देहूहून निघाल्यावर दिवसाकाठी चाल मोठी, पण ती दिंडीच्या लयीत, मध्ये विसावा, रात्री मुक्काम. (वारीला निघताना बीपीच्या गोळ्या घरी विसरणाऱ्यांवर मात्र एक वेगळा लेख लिहायला हवा. गोळी बंद करायची ती डॉक्टरला विचारूनच.)

मग व्यायाम कोणता? २०२३ मध्ये व्यायाम आणि रक्तदाबावरच्या २७० प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. चालणं, धावणं, सायकल यांनी वरचा आकडा साधारण साडेचारनं उतरला, वजनांच्या व्यायामानं जवळपास तेवढाच, दोन्ही मिळून सहानं, आणि एका जागी ताण धरून ठेवायच्या व्यायामानं आठाहून थोडा जास्त. भिंतीची बैठक ती हीच. आता येलवाडीकर म्हणतील, ताण धरून तर मीही उभा असतो! खरंय, पण त्या बैठकीत दोन मिनिटांनी सोडायचं असतं, दम खायचा असतो, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. शिवाय असे प्रयोग अजून संख्येनं थोडे आहेत, म्हणून आठाच्या आकड्यावर मी फार विसंबणार नाही.

तेव्हा शिफ्टची मेहनत मोजू नका. घाटावर किंवा भंडारा डोंगराच्या बाजूला अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीनं, आठवड्यातून पाच दिवस चाला. नाईट झाली असेल तर आधी झोप. आणि तो दीडशे मोजला कधी? शिफ्ट सुटल्या सुटल्या मोजला असेल तर धरू नका. सुट्टीच्या सकाळी, चहातंबाखूच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून, पाय जमिनीवर ठेवून दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा.