विश्लेषण : इरिडियम स्पार्क प्लग टाकल्याने दुचाकीचे अ‍ॅव्हरेज वाढते का?

पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून दुचाकीचे अ‍ॅव्हरेज हा घरखर्चाचा विषय झाला आहे. गाडी सर्व्हिसिंगला दिली की ‘इरिडियम प्लग टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल’ असा सल्ला अनेकदा मिळतो. साध्या प्लगच्या काही पट किंमत मोजून खरेच पेट्रोल वाचते का?

स्पार्क प्लगचे काम काय?

सिलिंडरमध्ये दाबलेले हवा आणि पेट्रोलचे मिश्रण ठिणगीने पेटवणे. चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर हे काम मिनिटाला ३,००० वेळा होते. मधला आणि बाजूचा इलेक्ट्रोड यांच्यातील फटीत ही ठिणगी पडते. या फटीला ‘गॅप’ म्हणतात. बहुतेक दुचाकींत ती एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते.

अ‍ॅव्हरेज कशामुळे घटते?

वापरामुळे इलेक्ट्रोड झिजतात आणि गॅप वाढतो. मोठ्या गॅपमध्ये ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. इग्निशन कॉइलला ते देता आले नाही, की ठिणगी चुकते. गाडी ‘मिसिंग’ करते ती अशी. त्या वेळचे पेट्रोल न जळताच सायलेन्सरकडे जाते. पिकअप कमी झाल्याने चालक अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळतो. बीएस-६ गाड्यांत हे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब करू शकते.

इरिडियममध्ये वेगळे काय?

निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, तर इरिडियम सुमारे २,४४६ अंशांना. त्यामुळे इरिडियमचे टोक अगदी बारीक ठेवता येते. साध्या प्लगचा मधला इलेक्ट्रोड साधारण अडीच मिमी जाड असतो. इरिडियमचे टोक ०.४ ते ०.६ मिमीचे असते. बारीक टोकाला कमी व्होल्टेज पुरते आणि ते झिजतेही हळू. म्हणजे प्लग जास्त टिकतो आणि थंड इंजिन सुरू करणे सोपे जाते. मात्र सुस्थितीतला साधा प्लगही मिश्रण प्रत्येक वेळी पेटवतोच. तेथे इरिडियमला वाचवण्यासारखे फारसे पेट्रोल उरत नाही.

हिशेब काय सांगतो?

समजा, एक दुचाकी महिन्याला १,००० किमी धावते आणि लिटरला ५० किमी जाते. तिला २० लिटर पेट्रोल लागते. झिजलेल्या प्लगमुळे अ‍ॅव्हरेज ४५ वर आले, तर सव्वादोन लिटर जास्त, म्हणजे महिन्याला दोनशे रुपयांहून अधिक जातात. नवा साधा प्लगही ते वाचवतो. त्यावर इरिडियमने आणखी एक टक्का बचत केली असे धरले, तरी ती महिन्याला वीसेक रुपयांची.

चुकीचा प्लग लावला तर?

प्लगचे टोक साधारण ५०० ते ८०० अंशांच्या दरम्यान राहायला हवे. त्याहून थंड राहिले तर काजळी धरते. फार तापले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटून पिस्टनला धोका होतो. यालाच ‘हीट रेंज’ म्हणतात. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा असेल तर प्लग ‘थंड’ प्रकारचा. बॉशमध्ये नेमके उलटे. म्हणून केवळ आकडा जुळवून कंपनी बदलू नये.

वाहनधारकांनी काय करावे?

- गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच प्लग घ्यावा आणि सांगितलेल्या किलोमीटरला बदलावा.
- जुना प्लग पाहावा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक ठीक. काळी काजळी असल्यास एअर फिल्टर तपासावा. तेलकट काळे टोक म्हणजे इंजिनात ऑइल जळत असण्याची शक्यता.
- इरिडियमचे टोक तारेच्या ब्रशने घासू नये.
- प्लग इंजिन थंड असताना बसवावा. जास्त आवळल्यास हेडचे आटे जातात आणि तो खर्च प्लगच्या अनेक पट असतो.

थोडक्यात, चांगला प्लग गमावलेले अ‍ॅव्हरेज परत मिळवून देतो. कंपनीने दिले त्यापेक्षा जास्त नाही. नवा प्लग टाकूनही फरक पडला नाही, तर आधी टायरमधील हवा, एअर फिल्टर आणि घासणारे ब्रेक तपासावेत.