या आठवड्यात बाहेर कोण? ताणून धरलेल्या निकालामागची वस्तुस्थिती

सप्टेंबर २०१०. सिडनीत ‘ऑस्ट्रेलियाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ या स्पर्धेची अंतिम फेरी थेट दाखवली जात होती. मंचावर केल्सी मार्टिनोविच आणि अमांडा वेअर या दोघीच उरल्या होत्या. सूत्रसंचालक सारा मर्डॉक यांनी अशा कार्यक्रमांच्या रिवाजाप्रमाणे भरपूर ताणून केल्सीचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या, मिठ्या झाल्या, केल्सीने सगळ्यांचे आभार मानायला सुरुवातही केली. तेवढ्यात मर्डॉक यांचा हात कानाकडे गेला आणि चेहरा उतरला. कानातल्या यंत्रातून त्यांना सांगितलं जात होतं, की विजेती अमांडा आहे. त्यांनी तिथल्या तिथे, कॅमेऱ्यासमोर माफी मागितली आणि निकाल फिरवला. केल्सीला नंतर भरपाई म्हणून २५ हजार डॉलर आणि न्यूयॉर्कची सहल मिळाली.

त्या दोन मुलींचं काय झालं असेल, ही कल्पनाही नकोशी वाटते. पण एक गोष्ट त्या प्रसंगाने उघड्यावर आणली. सूत्रसंचालकाला सगळं आधीपासून माहीत असतं आणि तो उगाच स्पर्धकांना छळत असतो, असं घरोघरी मानलं जातं. थेट कार्यक्रमात तसं नसतं. मतमोजणी बहुतेक वेळा शेवटच्या काही मिनिटांत आटोपते. नाव कार्डावर छापून किंवा कंट्रोल रूममधून कानात येतं. कोणाकडे पाहायचं, कधी थांबायचं, ब्रेक कधी घ्यायचा, हेही तिथूनच सांगितलं जातं. मंचावर दिसणारा माणूस हा त्या साखळीतला शेवटचा दुवा असतो.

मग ही धडधड निर्माण कोण करतं? बहुतेक प्रेक्षक विरामाकडे बोट दाखवतील. दिवे मंद होतात, ढोलासारखा ठोका वाजत राहतो, कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातो. या सगळ्याचा परिणाम होतो हे खरं, पण ती वरवरची सजावट आहे. खरं काम त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं, नावं कोणत्या क्रमाने घ्यायची हे ठरवताना.

समजा, पाच स्पर्धक आहेत आणि एक जाणार आहे. सुरुवातीला प्रत्येकाची जाण्याची शक्यता शेकडा २०. सूत्रसंचालक एकाला ‘सेफ’ म्हणतो, की उरलेल्या चौघांची ती २५ होते. दुसरं नाव घेतलं की ३३, तिसरं घेतलं की थेट ५०. बाहेर कोण जाणार याबद्दल कोणी अवाक्षरही काढलेलं नसतं, तरी उरलेल्या दोघांच्या डोक्यावरची टांगती तलवार दर नावागणिक खाली येत राहते. जेफ्री इली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमीर कामेनिका या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त याच विषयावर निबंध लिहिला. पुढच्या क्षणी आपला अंदाज किती बदलू शकतो, यावर उत्कंठा अवलंबून असते, अशी त्यांची मांडणी आहे. माहिती एकदम सांगून टाकली तर उत्कंठा संपते, आणि अजिबात सांगितली नाही तरीही ती तयार होत नाही. म्हणून ती थोडी थोडी सोडावी लागते.

याच ठिकाणी सगळ्यात मोठा गैरसमज रुजतो. शेवटी उभे राहिलेले दोघे म्हणजे सगळ्यात कमी मतं मिळालेले दोघे, असं प्रेक्षक धरून चालतात. ब्रिटनमधल्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’मध्ये सुरक्षित जोड्यांची नावं घेताना ‘कोणत्याही विशिष्ट क्रमाने नाही’ हे वाक्य ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या ‘डान्सिंग विथ द स्टार्स’चे माजी सूत्रसंचालक टॉम बर्जरॉन तर स्पष्टच सांगत, की धोक्यात उभ्या असलेल्या दोन जोड्या या तळाच्याच दोन असतील असं नाही. म्हणजे भरघोस मतं मिळालेला लाडका स्पर्धकही शेवटपर्यंत लाल दिव्याखाली उभा ठेवता येतो. त्यात खोटं काहीच बोललेलं नसतं. चाहते मात्र पुढच्या आठवड्यात घाबरून दुप्पट मतं देतात. बर्जरॉन यांचं वाक्य ऐकूनही न ऐकल्यासारखं होतं, कारण तोवर आपलं सगळं लक्ष चेहऱ्यांवर खिळलेलं असतं. आपल्याकडच्या कार्यक्रमांत ‘डेंजर झोन’ हा शब्द कानी पडला, की त्यातली नावं मतांच्या क्रमाने आहेत का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा.

क्रमाची करामत सगळ्यात स्वच्छ दिसते ती ‘सर्व्हायव्हर’मध्ये. हा कार्यक्रम अमेरिकेत २००० साली सीबीएस वाहिनीवर सुरू झाला. पहिल्या मालिकेच्या शेवटच्या भागाला सुमारे पाच कोटी प्रेक्षक होते आणि रिचर्ड हॅच चार विरुद्ध तीन मतांनी जिंकला. तिथे स्पर्धक एकमेकांनाच मत देऊन बाहेर काढतात. सूत्रसंचालक जेफ प्रॉब्स्ट चिठ्ठ्यांचं भांडं घ्यायला जातो, परत येतो आणि एकेक चिठ्ठी उघडून दाखवतो. ही चिठ्ठ्यांची चळत भांड्यातून आली तशी नसते. ती लावलेली असते. सहा मतं एका नावाला आणि चार दुसऱ्या नावाला पडली असतील, तर वाचन साधारण असं होतं: पहिलं, दुसरं, पहिलं, दुसरं, बरोबरी, पुन्हा बरोबरी. आणि बाहेर काढायला लागणारं बहुमत पुरं झालं, की उरलेल्या चिठ्ठ्या उघडल्याच जात नाहीत. प्रत्येक चिठ्ठी खरी असते, मोजणीही खरी असते, पण पाहणाऱ्याला अटीतटीची झुंज वाटलेली लढत प्रत्यक्षात एकतर्फी असू शकते.

‘सगळं आधीच लिहिलेलं असतं’ हे विधान मराठी घरांत निकालानंतरच्या चहाबरोबर हमखास येतं. त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात ‘ट्वेंटी वन’ या प्रश्नमंजुषेत चार्ल्स व्हॅन डोरेन यांना उत्तरं आधी पुरवली जात होती, हे त्यांनी १९५९ मध्ये संसदेच्या समितीसमोर कबूल केलं. पुढच्याच वर्षी दूरसंचार कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्ञान, कौशल्य किंवा नशिबाच्या स्पर्धेचा निकाल फिरवून प्रेक्षकांची फसवणूक करणं हा गुन्हा ठरला. तेव्हापासून तिथल्या वाहिन्या स्पर्धांच्या नियमांबाबत फार सावध असतात. म्हणूनच ‘प्रोजेक्ट रनवे’ आणि ‘टॉप शेफ’च्या अखेरीस पडद्यावर झरझर सरकणाऱ्या अक्षरांत एक ओळ असते: बाद करण्याचे आणि जिंकण्याचे निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी सल्लामसलत करून घेतले आहेत. ही ओळ वाचणारे प्रेक्षक किती असतील? पण ती तिथे आहे, आणि तिचा अर्थ सरळ आहे. जिथे परीक्षक ठरवतात, तिथे कार्यक्रमाच्या गरजाही बोलतात. जिथे जनता मत देते, तिथे मोजणीशी खेळणं हा वेगळा आणि गंभीर अपराध आहे.

तो अपराध घडलेलाही आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रेक्षकांच्या दूरध्वनींबाबत एकामागून एक प्रकरणं बाहेर आली. नियामक ‘ऑफकॉम’ने मे २००८ मध्ये आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड केला. त्यातल्या ‘सोपस्टार सुपरस्टार’मध्ये प्रेक्षकांनी पैसे मोजून निवडलेली गाणी निर्माते परस्पर बदलत होते. म्हणजे ‘सगळं खरंच असतं’ असं डोळे मिटून मानणंही चूक आणि ‘सगळं नाटक’ म्हणून उडवून लावणंही चूक.

कधी कधी गोंधळ नियमांच्या गणितातूनच होतो. २००८ च्या ‘स्ट्रिक्टली’ उपांत्य फेरीत तीन जोड्या होत्या. परीक्षकांच्या गुणांत रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन बरोबरीने पहिल्या आल्या आणि दोघींनाही तीन-तीन गुण मिळाले, टॉम चेंबर्स यांना एक. जनतेच्या मतांत ते पहिले आले असते तरी त्यांची बेरीज चारच झाली असती. उरलेल्या दोघींपैकी एकीची पाच आणि दुसरीची चार. तळाच्या दोन जोड्यांना पुन्हा नाचावं लागणार होतं आणि टॉम त्यात येणारच होते, लोकांनी त्यांना कितीही मतं दिली तरी. फोन करणाऱ्यांचे पैसे त्या बाबतीत फुकट जात होते. बीबीसीने ती पुन्हा नाचण्याची फेरी रद्द केली, तिघांनाही अंतिम फेरीत पाठवलं आणि आधीची मतं पुढे जोडली. शेवटी जिंकले टॉम चेंबर्स.

आपल्याला दिसतंय ते आत्ता घडतंय, ही समजूतही बऱ्याचदा चुकीची ठरते. ‘स्ट्रिक्टली’चा रविवारचा निकाल शनिवारी रात्रीच चित्रित होतो, त्यासाठी मंडळी कपडेही बदलतात. ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ने २०१२ पासून वेगळीच वाट धरली. अंतिम सोहळा चित्रित करताना प्रत्येक अंतिम स्पर्धकाच्या डोक्यावर मुकुट ठेवून वेगवेगळे शेवट घ्यायचे आणि खरा कोणता ते प्रक्षेपणाच्या दिवशीच दाखवायचं. सभागृहातल्या प्रेक्षकांनाही विजेता कोण ते कळत नाही आणि स्पर्धकांनाही नाही. बातमी फुटू नये म्हणून केलेली ही सोय आहे.

चित्रित कार्यक्रमांत संकलकाचा हातही मोठा असतो. विराम मंचावर तीन सेकंदांचा असेल तर पडद्यावर तो दहा सेकंदांचा होऊ शकतो, मध्ये आईचा चेहरा, परीक्षकांचा चेहरा आणि स्पर्धकाचे घट्ट मिटलेले हात टाकले की झालं. त्यातला एखादा चेहरा पाच मिनिटांपूर्वीचाही असू शकतो.

जाहिरातींबद्दल लोकांचा राग समजण्यासारखा आहे. ‘ब्रेकनंतर पाहू’ म्हणजे निव्वळ पैसा, असं मानलं जातं. पैसा आहेच. पण लीफ नेल्सन, टॉम मेव्हिस आणि जेफ गालक या संशोधकांनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की जाहिरातींनी तोडलेला कार्यक्रम प्रेक्षकांना सलग कार्यक्रमापेक्षा अनेकदा अधिक आवडतो. आपल्याला कशाचीही चटकन सवय होते, आणि मधला खंड ती सवय मोडतो. विलंबाने ताण वाढतो आणि ताणाची ती धग निकालाच्या आनंदात किंवा दुःखात उतरते, असं संशोधक डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात मांडलं होतं. त्या क्षणी डोळ्यांतून ओघळणारं पाणी खरं असतं. निर्मात्यांनी फक्त त्याची वेळ निवडलेली असते.

मराठी प्रेक्षकांना ही वेळ साधण्याची पद्धत आता चांगलीच ओळखीची झाली आहे. २००५ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात अभिजीत सावंतचं नाव पुकारलं जाईपर्यंत मुंबईतल्या कितीतरी घरांत टीव्हीसमोरून कोणी हललं नव्हतं. तोच अभिजीत २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाच्या शेवटी रितेश देशमुखच्या एका बाजूला उभा होता, दुसऱ्या बाजूला सूरज चव्हाण. दोघांचे हात रितेशच्या हातात, आणि कोणाचा हात वर जातो यावर सगळं अडलेलं. सूरजचा गेला. एकोणीस वर्षांत मत देण्याची साधनं एसएमएसवरून अॅपवर आली, शेवटच्या दोघांना शेजारी उभं करून ताणण्याची रीत मात्र तशीच आहे.

आता एक मागणी, आणि ती मनापासूनची आहे. ब्रिटनच्या ‘एक्स फॅक्टर’ने २०१० चं पर्व संपल्यावर दर आठवड्याची मतांची टक्केवारी जाहीर केली. त्यातून कळलं, की पहिल्या आठवड्यात मेरी बर्न आघाडीवर होत्या आणि दुसऱ्या आठवड्यापासून अखेरपर्यंत मॅट कार्डल पहिल्याच क्रमांकावर होता. पुढे जगभर गाजलेला ‘वन डायरेक्शन’ हा गट त्या स्पर्धेत तिसरा आला. इतके आठवडे ज्याच्यासाठी लाखो लोक श्वास रोखून बसले, तो मॅट प्रत्यक्षात धोक्यात नव्हताच. हे कळल्याने कोणाचा आनंद मागे गेला नाही, उलट पैसे मोजून दिलेल्या मताचा हिशेब मिळाला. आपल्याकडच्या वाहिन्यांत अशी आठवडावार टक्केवारी जाहीर करण्याची प्रथा नाही. पर्व संपल्यावर ती द्यायला काय हरकत आहे? कोण कितव्या आठवड्यात खरंच काठावर होतं आणि कोणाला नुसतंच लाल दिव्याखाली उभं केलं होतं, हे मत देणाऱ्याला कळायला हवं.