डाळिंबाच्या मुळीत पेटलेली लढाई

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात डाळिंबाचं झाड पाणी-खत वेळेवर मिळूनही पिवळं पडू लागलं, की जाणता बागायतदार आधी मुळी बघतो. ड्रिपरखालची ओली माती हातानं सारायची, बोटभर पांढरी मुळी तोडायची आणि बादलीत हलकेच धुवायची. मुळीवर जागोजागी गाठी दिसल्या, म्हणजे सूत्रकृमी बागेत शिरला. या गाठी करणाऱ्या कृमींत मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा ही जात मुख्य. मुळीत घुसणारी तिची पिल्लं अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी.

पिल्लू घुसतं तेव्हा झाड स्वस्थ बसत नाही. त्या जागी ते सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. ऑक्सिजनची ही जहाल रूपं पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, समोर येईल ते नासवतात. तरी कृमी तगतो, कारण त्याच्याकडे त्यावर उतारा आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं. मग कॅटलेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन त्या पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतात. फ्रेंच संशोधकांनी 2011 मध्ये याच कृमीची पेरॉक्सिरेडॉक्सिनची जनुकं दडपली, तेव्हा त्याला मुळीत नीट बस्तान बसवता आलं नाही.

हा उतारा नेमका वेळेवर कसा तयार होतो, हे कळलं ते त्याच्या निरुपद्रवी भावकीतल्या सी. एलिगन्सवरून. जिवाणू खाऊन जगणारा हा मिलिमीटरभर कृमी सिडनी ब्रेनर यांनी 1974 मधल्या शोधनिबंधातून जनुकशास्त्रात आणला. त्याच्या आतड्याच्या पेशींत एसकेएन-1 नावाचं प्रथिन असतं. एरवी डब्ल्यूडीआर-23 हे दुसरं प्रथिन ते साठू देत नाही, त्याची विल्हेवाट लावतं. ताण आला की ही पकड सुटते, एसकेएन-1 पेशीकेंद्रात जातं आणि बचावाची जनुकं चालू करतं. हा बचाव सतत चालू का नसतो? कारण तो महागात पडतो. डब्ल्यूडीआर-23 नसलेले कृमी ताण जास्त सोसतात, पण सावकाश वाढतात आणि त्यांना पिल्लंही कमी होतात. मला या साऱ्या यंत्रणेत हा हिशेबीपणाच सर्वांत विलक्षण वाटतो. आपल्या पेशींतही एसकेएन-1चं भावंड, एनआरएफ-2, हेच काम करतं.

आता कृमीच्या या बचावाला पुरून उरणाऱ्या आपल्या झेंडूकडे या. त्याच्या मुळांत अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य असतं. ते उजेडातच मारक ठरतं असा समज होता. मग काळोख्या मातीत ते काय करणार? जपानी संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं, की ते अंधारातही कृमीच्या त्वचेतून आत उतरतं आणि त्याच्या पेशींवर ऑक्सिजनचाच ताण आणतं. कृमी बचावाची एन्झाइम्स वाढवतो, पण ती पुरी पडत नाहीत.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, झेंडू केवळ दसरा-दिवाळीच्या फुलांपुरता धरू नका. द्रव्य जिवंत मुळांतून मिळतं. नवी बाग लावण्याआधी त्या जमिनीत दाट झेंडू दोन-तीन महिने उभा राहू द्या, आणि जुन्या बागेत मुळी गाठाळलेली दिसली तर औषध आणण्याआधी माती-मुळीचा नमुना तपासून घ्या.