संघ मोडला, कारण तो मोहल्ल्याचा नव्हता

१५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातल्या शाळांत फुटबॉल खेळला गेला. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, त्यानिमित्त सरकारचा ‘मिशन वन मिलियन’ हा उपक्रम होता. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शाळेतही मुलं त्या दिवशी घामाघूम झाली. पुढे त्यांतल्याच काहींनी गावात आपला संघ काढला. असरच्या नमाजनंतर खेळ सुरू व्हायचा, मगरिबची अजान झाली की थांबायचा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात जमिनीला भेगा. तरी मुलं हटली नाहीत.

दोन वर्षांत संघ मोडला. दहावीनंतर कोणी पुण्याला कामाला गेला, कोणी वडिलांच्या दुकानात बसला. चेंडू होता, हौस होती, मग कमी काय पडलं?

उत्तर कोल्हापुरात आहे. तिथले नावाजलेले फुटबॉल संघ पेठांतल्या तालमींचे आहेत. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि शहरात तालमी बहरल्या. पुढे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचेच संघ फुटबॉलच्या मैदानात उतरले. आजही शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तिथे लोटते. २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला, एका रिक्षाचालकाचा मुलगा.

खेळाडूंची पिढी बदलते, पण तालीम जागेवर राहते. संघ अकरा मुलांचा नसून पेठेचा असतो. म्हणून एक मुलगा नोकरीला गेला, तर दुसरा त्याच्या जागी उभा राहतो. अर्थात तिथली ईर्षा कधी कधी हाणामारीपर्यंत गेली आहे, सामने थांबवावे लागले आहेत. तेवढं मात्र आपण उचलू नये.

आमचा संघ फक्त मुलांचा होता. मोठ्यांनी त्याकडे ‘पोरांचा टाइमपास’ म्हणून पाहिलं. यात मीही आलो. शाळा सुटली की माझी जबाबदारी संपली, असंच मी समजत होतो.

यंदा आम्ही चार-पाच जणांनी एक वही केली आहे. महिन्याला जमेल तेवढी वर्गणी, चेंडू-जाळी ठेवायला एकाच्या घरातला कोपरा, आणि एक नियम : अभ्यास बुडवून मैदानावर यायचं नाही. मुलींनी विचारलं, “सर, आम्ही?” त्यांच्यासाठी शाळेच्या आवारात वेळ ठरवली.

ईदला गावी आलेला एक जुना खेळाडू मैदानावर आला. तासभर लहानग्यांना पास द्यायला शिकवत राहिला. जाताना त्याने वही मागितली आणि स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. म्हणाला, “सर, तेव्हा ही वही असती, तर आमचा संघ मोडला नसता.”

तुमच्या गावात अशी वही आहे का?