येऊरचा शीळकरी

जून-जुलैत ठाण्याजवळच्या येऊरच्या ओढ्यांना पाणी चढलं की पहाटे, नीट उजाडायच्या आत, झाडीतून कुणीतरी शीळ घालत चाललंय असं वाटतं. आवाज थेट माणसाचा, चाल मात्र ठरलेली नाही. वर चढते, रेंगाळते, भलतीकडेच वळते. हा शीळकरी कस्तूर. इंग्रजांना त्याच्यात शीळ घालत हिंडणारं शाळकरी पोर दिसलं.

पक्षी जेमतेम 25 सेंटिमीटरचा. सावलीत काळाच वाटतो. ऊन पडलं की कपाळावरची आणि खांद्यावरची निळाई झळकते. पण तेवढा वेळ तो देतो कुठे? चाहूल लागताच चिरका आवाज काढून ओढ्याकडेने दिसेनासा होतो. पावसाळा सरला की गाणंही आवरतं.

शास्त्रज्ञ त्याला ‘मायोफोनस हॉर्सफिल्डी’ म्हणतात. थॉमस हॉर्सफिल्ड हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात 1773 मध्ये जन्मलेला डॉक्टर. जावा बेटावर त्याने निसर्गाचा अभ्यास केला, पुढे लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं संग्रहालय सांभाळलं. प्राणिशास्त्रज्ञ निकोलस व्हिगर्स यांनी 1831 मध्ये हॉर्सफिल्डचं नाव आपल्या कस्तुराला दिलं. नावाचा पहिला भाग ग्रीक, अर्थ ‘माश्या मारणारा’. प्रत्यक्षात हा ओढ्यातला खेकडा धरून खडकावर आपटतो. गोगलगायी, गांडुळं, फळंही खातो. गंमत अशी की जनुकीय अभ्यासानंतर त्याला कस्तुरांच्या कुळातून काढून माशीमारांच्या कुळात घातलं गेलं!

हॉर्सफिल्डच्या मायदेशातही असाच एक बुजरा गायक आहे, हर्मिट थ्रश. हर्मिट म्हणजे एकांतवासी. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या गाण्यातले बरेच सूर स्वयंभू स्वरांच्या गणितात बसलेले आढळले, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वरांच्या. त्याचं काय, कस्तुराचं काय, गाणाऱ्या पक्ष्यांचं स्वरयंत्र श्वासनलिकेला फाटे फुटतात तिथे असतं, आणि त्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या वाजू शकतात.

कस्तुराचं घरटं ओढ्याकाठच्या कपारीत, धबधब्याच्या तुषारांत. शेवाळ, मुळं आणि चिखलाचं. तेच घरटं डागडुजी करून पुन्हा वापरलं जातं, म्हणून तो ओढा वाहता राहायला हवा. डोंबिवली-कल्याणकरांना नेरळमार्गे माथेरानलाही त्याची शीळ ऐकता येईल. फक्त मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. विणीच्या दिवसांत गाणं ही हद्दीची राखण असते. खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात पिल्लांना भरवण्याचा वेळ जातो.