अहवालांचा भूतकाळ कोण जपतो?

गोदामात आज माल किती शिल्लक आहे, हे दुकानातला संगणक क्षणात सांगतो. गेल्या धनत्रयोदशीला त्याच मालाचा साठा किती होता, असे विचारले तर मात्र बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. ग्राहकाचा पत्ता बदलला की जुना पत्ता पुसला जातो. वस्तूची किंमत वाढली की आधीची किंमत जाते. रोजचा व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीला 'आत्ता काय आहे' हे अचूक सांगायचे असते. 'तेव्हा काय होते' हे सांगण्यासाठी ती बनवलेलीच नसते.

धंद्याचे निर्णय मात्र तेव्हा आणि आत्ता यांच्या तुलनेतूनच होतात. सणासाठी माल किती भरायचा, कोणत्या भागात विक्री खरोखर घटली, उधारी वसूल व्हायला पूर्वीपेक्षा जास्त दिवस लागतात का, या प्रश्नांची उत्तरे जुन्या आकड्यांशिवाय देता येत नाहीत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील बिल इनमन यांनी यासाठी स्वतंत्र व्यवस्था मांडली. तिचे नाव डेटा वेअरहाउस. त्यात एकदा आलेली नोंद पुसायची नाही आणि प्रत्येक नोंदीला काळाचा संदर्भ असलाच पाहिजे, या त्यांच्या दोन अटी आजही पाया मानल्या जातात. राल्फ किंबॉल यांनी 1996 साली 'द डेटा वेअरहाउस टूलकिट' या पुस्तकात असा डेटा रचण्याच्या व्यावहारिक पद्धती दिल्या.

रोज सगळे पुन्हा का आणायचे?

आज असंख्य कंपन्यांचे अहवाल मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये तयार होतात. हे साधन 2015 साली सर्वांसाठी खुले झाले. त्यात मूळ प्रणालीतला डेटा अहवालामागच्या साठ्यात, म्हणजे मॉडेलमध्ये, आणून ठेवला जातो आणि ठरावीक वेळी तो ताजा केला जातो. त्याला रिफ्रेश म्हणतात. साधा रिफ्रेश टेबलातल्या जुन्या ओळी काढून टाकतो आणि सगळ्या ओळी मूळ प्रणालीतून पुन्हा आणतो. पाच वर्षांपूर्वीचे बिल बदललेले नसले तरी ते रोज नव्याने आणले जाते. बिलांच्या ओळी कोटींत गेल्या की हे काम तासन्‌तास चालते. प्रो परवान्यात एका रिफ्रेशला दोन तासांची, दिवसभरात आठ नियोजित रिफ्रेशची आणि मॉडेलच्या आकाराला 1 जीबीची मर्यादा आहे, म्हणून वेळेची ही उधळपट्टी लवकरच परवडेनाशी होते.

यावरचा उपाय म्हणजे इन्क्रिमेंटल रिफ्रेश. 2018 साली ही सोय महागड्या प्रीमियम परवान्यापुरती आली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये प्रो परवान्यातही मिळाली. तिचे तत्त्व आपल्या पेढ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडली की जुन्या वह्या बासनात बांधून ठेवतात आणि रोजची कीर्द चालू वहीतच लिहितात. इथेही टेबलाचे तारखेनुसार भाग पाडले जातात. या भागांना पार्टिशन म्हणतात. जुने भाग जसेच्या तसे राहतात, अलीकडचे तेवढे ताजे होतात.

त्यासाठी 'रेंजस्टार्ट' आणि 'रेंजएंड' या नावांचे दोन पॅरामीटर तयार करावे लागतात. इंग्रजी स्पेलिंगमधली लहान-मोठी अक्षरेही अचूक हवीत आणि दोन्हींचा प्रकार तारीख-वेळ असा हवा. मग दोन मुदती ठरवायच्या: किती काळाचा डेटा साठवायचा आणि त्यातला किती अलीकडचा काळ दर वेळी ताजा करायचा. पाच वर्षे आणि दहा दिवस अशा मुदती दिल्या तर पहिल्या रिफ्रेशला सगळा डेटा येतो. त्यानंतर फक्त शेवटचे दहा दिवस. मुदतीबाहेर गेलेल्या दिवसांचे पुढे महिने, महिन्यांच्या तिमाह्या आणि तिमाह्यांची वर्षे होत जातात.

दोन ठिकाणी काळजी घ्यावी लागते. या दोन पॅरामीटरांनी ओळी निवडणाऱ्या तारखेच्या चाळणीत (फिल्टरमध्ये) एका टोकाला 'बरोबर किंवा नंतर' आणि दुसऱ्या टोकाला नुसते 'आधी' असे हवे. दोन्ही टोकांना 'बरोबर' घातले तर सीमेवरची ओळ दोन भागांत मोजली जाते आणि विक्री फुगते. दुसरे म्हणजे ही चाळणी मूळ डेटाबेसमध्येच लागू झाली पाहिजे. एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल असेल तर प्रत्येक भागासाठी ती सगळी फाइल वाचावी लागते आणि वेळ वाचवण्याचा हेतूच फसतो.

मार्चच्या नोंदी सप्टेंबरात

ताज्या करायच्या काळाची मुदत ठरवताना आपल्या हिशेबाच्या रीती डोळ्यांसमोर हव्यात. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, पण त्या तारखेच्या समायोजनाच्या नोंदी लेखापरीक्षण संपेपर्यंत, म्हणजे अनेकदा सप्टेंबरपर्यंत होत राहतात. मुदत 30 दिवसांची असेल तर जुलैमध्ये केलेली, पण 31 मार्चची तारीख असलेली नोंद अहवालात कधीच येणार नाही. ताळेबंद एक सांगेल आणि अहवाल दुसरे. खर्चाचे किंवा खातेवहीचे टेबल असेल तर मुदत काही महिन्यांची ठेवावी. रोजच्या बिलांना थोडे दिवस पुरतात.

मुदत लांबवली की रिफ्रेशचा वेळ वाढतो. त्यावर 'डिटेक्ट डेटा चेंजेस' ही सोय आहे. नोंद शेवटची केव्हा बदलली हे सांगणारा कॉलम तिला द्यायचा. ज्या भागात त्याची सर्वात मोठी तारीख बदललेली नसेल तो भाग ती वगळते. पण ही पाहणी ताज्या करायच्या मुदतीच्या आतच चालते. मूळ प्रणालीतून पुसून टाकलेली ओळ तिच्या नजरेतून निसटू शकते. शिवाय भाग पाडण्यासाठी कधीही न बदलणारी तारीख निवडावी. ऑर्डरची तारीख मागाहून बदलून जुन्या भागातून नव्या भागात आली, तर तीच ऑर्डर दोन्हीकडे दिसू लागते.

इतिहास निसटतो कुठून?

इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावला म्हणजे जुना डेटा कायमचा जपला गेला, असा समज सर्रास आढळतो. तो धोक्याचा आहे.

साठवणुकीची मुदत सरकती असते. पाच वर्षे ठेवली तर 2025 मध्ये 2020 पासूनचा डेटा असतो. जानेवारी 2026 मधल्या पहिल्या रिफ्रेशला 2020 चा अख्खा भाग गळून पडतो. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे असते, आपले एप्रिल ते मार्च. परिणामी 2020-21 या आर्थिक वर्षाचे नऊ महिने जातात आणि जानेवारी ते मार्च 2021 एवढेच उरतात. त्या वर्षाची बेरीज मग विक्री कोसळल्यासारखी दिसते. म्हणून जितकी आर्थिक वर्षे दाखवायची त्याहून किमान एक वर्ष जास्त ठेवावे.

दुसरी वाट अधिक घातक. अहवालात किरकोळ बदल करून मॉडेल पुन्हा प्रकाशित केले की आधीचे सगळे भाग नाहीसे होतात आणि डेटा मूळ प्रणालीतून नव्याने आणावा लागतो. दरम्यान मूळ प्रणालीतल्या जुन्या नोंदी जागा वाचवण्यासाठी काढून टाकल्या असतील, तर तो इतिहास संपला. इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावलेले मॉडेल फाइल म्हणून परत उतरवूनही घेता येत नाही. प्रीमियम क्षमता असेल तर एएलएम टूलकिटसारख्या मोफत साधनाने भागांना धक्का न लावता फक्त रचनेतले बदल चढवता येतात. मोठ्या मॉडेलसाठी हीच वाट धरावी.

पालघरची विक्री ठाण्यात की पालघरमध्ये?

विक्रीच्या ओळी जपल्या तरी त्यांचा संदर्भ हरवू शकतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसईच्या विक्रेत्यापुढे 'ठाणे' पुसून 'पालघर' लिहिले, की त्याची 2013 ची विक्रीही पालघरमध्ये जाऊन बसते. ठाण्याचे जुने आकडे कोणीही हात न लावता बदलतात आणि त्या काळी छापलेल्या अहवालाशी जुळत नाहीत. किंबॉल यांच्या पद्धतीत यावर उत्तर आहे. विक्रेत्याची जुनी ओळ 31 जुलै 2014 पर्यंत लागू म्हणून ठेवायची आणि 1 ऑगस्टपासून लागू असलेली नवी ओळ जोडायची. प्रत्येक बिल आपल्या तारखेच्या ओळीशी जोडले जाते. साठ्यासारख्या सतत बदलणाऱ्या आकड्यांसाठी दिवसाच्या किंवा महिन्याच्या शेवटी शिल्लक तारखेसह वेगळ्या टेबलात लिहून ठेवावी. हे काम आजपासूनच सुरू करावे लागते, कारण न नोंदवलेला साठा मागाहून कोणतेही साधन आणून देऊ शकत नाही.

मूळ प्रत कुठे?

कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 नुसार कंपन्यांना मागील किमान आठ आर्थिक वर्षांची हिशेबपुस्तके जपावी लागतात. जीएसटी कायद्याने वार्षिक विवरणाच्या नियत तारखेपासून 72 महिन्यांची मुदत घातली आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची बंद न करता येणारी नोंद सक्तीची झाली. अहवालाचे मॉडेल म्हणजे हिशेबपुस्तक नव्हे, पण कायद्यामागचा विचार तिथेही लागू पडतो: जुनी नोंद कोणाच्या नकळत बदलता किंवा नाहीशी होता कामा नये.

म्हणून इतिहासाची मूळ प्रत स्वतःच्या डेटाबेसमध्ये किंवा वेअरहाउसमध्ये असावी आणि तिचा वेगळा बॅकअप असावा. इन्क्रिमेंटल रिफ्रेशने त्या प्रतीतला लागेल तेवढा भाग झटपट अहवालात आणावा. त्यापुढचे ओझे त्याच्यावर टाकू नये. छोट्या उद्योगालाही हे जमण्यासारखे आहे. एक साधा डेटाबेस, त्यात रोज रात्री जमा होणाऱ्या नोंदी आणि कोणता डेटा किती वर्षे ठेवायचा याचा मालक, हिशेबनीस आणि संगणक विभाग यांनी मिळून केलेला लेखी ठराव एवढ्यावर सुरुवात होते. मग अहवालाचे साधन बदलले, मॉडेल पुन्हा उभारावे लागले किंवा मूळ प्रणालीच नवी आली, तरी जुनी वर्षे हाताशी राहतात आणि मागच्या दिवाळीच्या साठ्याचा प्रश्न कोणी विचारला तर त्याला खरा आकडा देता येतो.